गवळ्याच्या दारातला व्हॉल्व्ह

नगरपालिकेच्या कागदावर त्यांचं पद काहीही लिहिलेलं असो, गावात त्यांना सगळे चावीवाले म्हणत. छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते सकाळी निघत, रस्त्यातली झाकणं उचलत आणि एकेका गल्लीचं पाणी सोडत. एकतीस वर्षं हेच काम. पाईप कुठे किती खोल आहे, कुठे वळतो, कुठे गळतो, सगळं तोंडपाठ. शंका आलीच तर लोखंडी गजाचं एक टोक जमिनीला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटून ऐकत. नवखा माणूस म्हणे, हे काका उभ्या उभ्या झोपले की काय!

नकाशा मात्र नव्हता. पूर्वी एक होता म्हणतात, पण तो कचेरी हलवताना जो गेला तो गेलाच. चावीवाल्यांचं त्यावाचून काही अडलं नाही. त्यांच्या आधीच्या वस्तादांनी सगळं तोंडीच शिकवलं होतं: शिंप्याच्या दुकानापुढे एक, दवाखान्याच्या कोपऱ्यावर दोन, शाळेच्या फाटकात एक, असे एकूण बेचाळीस व्हॉल्व्ह. त्यातले एक्केचाळीस हाती लागले. बेचाळिसावा ‘गवळ्याच्या दारात’ होता आणि तो दाखवायच्या आधीच वस्ताद देवाघरी गेले. चावीवाल्यांनी गवळ्याचं अंगण दोनदा खणलं. तिसऱ्यांदा कुदळ घेऊन आलेले दिसले तेव्हा गवळ्याने हात जोडले.

“काका, माझ्याकडे पाणीच शोधायचं असेल तर अंगणात नका शोधू, दुधात शोधा!”

गाव पोट धरून हसलं. पण त्या हरवलेल्या एका व्हॉल्व्हपायी वरच्या आळीला पाणी मिळत नव्हतं. म्हणजे येई, पण करंगळीएवढं. आणि वरच्या आळीतच चावीवाल्यांची थोरली बहीण राहत होती.

अक्काच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. “भाऊ अख्ख्या गावाला पाणी पाजतो आणि बहिणीच्या नळाला नुसता खोकला,” असं ती येताजाता ऐकवी. अठरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात दोन बादल्यांसाठी तीन तास नळाशी बसून ती तणतणत भावाच्या घरी आली होती. “माझ्या नळाला धड पाणी येईपर्यंत तुझ्या घरी घोटभरसुद्धा पिणार नाही,” म्हणाली. चावीवाल्यांना वाटलं, राग चार दिवसांचा. पण अक्काच ती! येई, बसे, भावजयीशी तासन्‌तास गप्पा मारी, भाचीची वेणी घाली, आणि पाण्याचा पेला पुढे आला की हाताने बाजूला सारी. चहासुद्धा नाही. चहात काय दगड उकळतात का, असं वर विचारी. लोकांनी घातलेल्या शिव्या चावीवाले या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत. तो भरलेला पेला तसाच परत आत जाताना मात्र त्यांना बघवत नसे. दोन महिन्यांनी नोकरी संपणार होती, आणि आपण हा पेला असाच मागे ठेवून घरी बसणार, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

यंदा मात्र एक संधी आली. नगरपालिका दरवर्षी थोडा निधी बाजूला काढते आणि तो कशावर खर्चायचा हे गावकरी सभेत हात वर करून ठरवतात. नगराध्यक्षांना चौकात कारंजं हवं होतं. वरच्या आळीला नवी पाईपलाईन हवी होती. कारंज्याला नकाशा लागत नव्हता. पाईपलाईनला मात्र जुन्या पाईपांचा नकाशा जोडल्याशिवाय प्रस्ताव सभेपुढेच येणार नव्हता. सभा सोमवारी.

पाणी विभागातल्या तरुण इंजिनीअर मॅडमनी शुक्रवारी टेबलावर मोठा कोरा कागद पसरला. “काका, काढा बरं सगळं.”

चावीवाल्यांनी पेन्सिल कुदळीसारखी घट्ट धरली आणि अर्धा तास घाम गाळला. कागदावर जे उमटलं ते मॅडमनी उभं धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं. “काका, हा नकाशा आहे की मांजराने विस्कटलेली लोकर?”

“मॅडम, माझ्या हातात नाही हो ते. पायात आहे. चालत दाखवतो.”

शनिवारी सकाळी शाळेतून खडूंचा डबा आला. टाकीपासून चावीवाले निघाले. वाकून रस्त्यावर रेघ ओढायची, व्हॉल्व्ह आला की गोल काढायचा, पुढे चालायचं. मागून मॅडम टेप धरून मापं कागदावर घेत होत्या. पहिल्या गल्लीत दोन माणसं बघायला थांबली, तिसऱ्या गल्लीपर्यंत पन्नास झाली. कमरेत वाकलेले चावीवाले पुढे आणि अख्खं गाव मागे!

“ओ चावीवाले, आमच्या दारापुढे रेघ वाकडी का?” शिंप्याने विचारलं.

“पाईप टाकणारा तुझ्याकडे विजारी शिवत असणार!”

गवळ्याची म्हातारी आईसुद्धा काठी टेकत मागे लागली. आपल्या पायाखाली इतकं काय काय चाललंय ते मरायच्या आत बघून घेते, म्हणाली.

दुपारी बाराच्या सुमारास वरात चावीवाल्यांच्याच गल्लीत शिरली. त्यांच्या घराला सिमेंटची तीन पायऱ्यांची सुंदर चढण होती. दहा वर्षांपूर्वी त्यांनी ती स्वतःच्या हातांनी बांधली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवली होती. म्हातारी दमून खालच्या पायरीवर टेकली.

“छान केलीस हो पायरी. आमच्या वेळी इथं नुसती फरशी होती.”

“तुमच्या वेळी?” चावीवाल्यांनी मान वर केली.

“अरे, मी लग्न होऊन आले ते ह्याच घरात! पुढं सासऱ्यांनी घर मास्तरांना विकलं आणि आम्ही पुलापलीकडं गेलो. तू मास्तरांकडूनच घेतलंस ना?”

चावीवाल्यांच्या हातातला खडू गळून पडला. वस्तादांच्या तरुणपणी गवळ्याचं दार हेच होतं. माणसं घरं बदलतात, पाईप बदलत नाहीत. एकतीस वर्षं ते गवळ्याच्या मागे फिरले आणि पाईप जागचा हललाच नव्हता. त्यांनी गज पायरीला टेकवून कान लावला. गावातली एकूण एक जमीन ऐकली होती, स्वतःचं दार तेवढं राहिलं होतं. आत खोल कुठेतरी बारीक सूं सूं चाललं होतं.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा!” शिंपी ओरडला आणि गल्ली हशाने दणाणली. चावीवाले कानापर्यंत लाल झाले. त्यांनी पायरीकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या बायकोकडे. तिची संध्याकाळ रोज त्याच पायरीवर जायची.

“माझ्याकडं काय बघताय? फोडा!” ती म्हणाली. “वन्सं अठरा वर्षं तहानलेल्या जातात ह्या घरातून. पायरीचं काय घेऊन बसलात!”

पायरी मजबूत बांधली होती, याचा त्यांना त्या दिवशी प्रथमच पश्चात्ताप झाला. दोन तासांनी फरशीखालचं लोखंडी झाकण दिसलं. व्हॉल्व्ह गंजून घट्ट बसला होता. तेल ओतलं, चावी लावली, पण तो ढिम्म हलेना. तेव्हा गवळी बाह्या सरसावून पुढे आला. “माझं अंगण सुटलं, एवढं तर करतोच!” दोघांनी मिळून जोर लावला. कर्रर्र झालं. मग एक फेरा, दोन, तीन, असे अकरा फेरे. कधीतरी कसल्याशा दुरुस्तीसाठी कुणीतरी तो जवळजवळ बंद केला होता आणि उघडायचा विसरून गेला होता. जमिनीखालून पाणी धडधडत वरच्या आळीकडे निघालं. ते ऐकायला गज मॅडमच्या कानाला लागला, मग म्हातारीच्या, मग रांगच लागली.

सोमवारच्या सभेचं आधीच सांगून टाकलेलं बरं. नव्या पाईपलाईनची गरज उरली नाही. निधी जुने गळके पाईप बदलायला गेला आणि उरलेल्यात नगराध्यक्षांचं कारंजं झालं, इतकं लहान की त्याच्यासमोर नगराध्यक्ष उभे राहिले की ते दिसत नाही. त्यासाठी सगळ्यात आधी हात वर केले ते वरच्या आळीने.

पण शनिवारी दुपारी एवढं पुढचं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. वरच्या आळीतून आधी भांड्यांचा खणखणाट ऐकू आला, मग आरडाओरडा, आणि मग उतारावरून अक्का येताना दिसली. नखशिखांत भिजलेली. नळ सोडून बघायला गेली आणि नळानेच तिला आंघोळ घातली होती. गर्दीने वाट दिली. ती फुटलेल्या पायरीपाशी थांबली, खड्ड्यातल्या व्हॉल्व्हकडे पाहिलं, मग भावाकडे.

“इथं होता?”

“इथंच होता, अक्का.” चावीवाल्यांनी मान खाली घातली. आता तोंडाचा पट्टा सुटणार आणि आपण तो निमूट ऐकून घेणार, अशी त्यांची तयारी होती.

चढायला पायरी उरली नव्हती, म्हणून अक्काने हात पुढे केला. चावीवाल्यांनी तिला धरून वर घेतलं. ती आत जाऊन आपल्या नेहमीच्या जागी बसली. डोळ्यांतलं आणि केसांतलं पाणी एकदमच पुसत म्हणाली, “अगं, पाणी आण.”

भावजयीने पेला भरून दिला. अक्काने तो एका दमात रिकामा केला आणि भावापुढे धरला.

“धाकट्या, अजून आण. अठरा वर्षांचं राहिलंय.”

चावीवाले पेला घेऊन स्वतः आत गेले.