रानमुगाच्या गाठी

वनमाला खेरडेकर सदर बाजारातून परतली, तर तिचं तुरीचं बियाणं गच्चीवर रणरणत्या उन्हात पसरलेलं. हातातली पिशवी तिथंच गळून पडली.

जन्मभर तिनं रायपूरच्या एका प्रयोगशाळेत खतासाठी जिवाणू वाढवले. नोकरी संपता संपता तिला रुळाकडेच्या खडीत एक रानमूग दिसला. माती नाही, खत नाही, तरी हिरवागार. त्याच्या मुळांवरच्या गाठींतून तिनं जिवाणू काढले. हवेतलं नत्र झाडाला भरवणारे. निवृत्त होताना त्यांचं एक पाकीट घरी आणलं. त्याची मुदत संपत आली होती आणि दुसरं कुठंच नव्हतं.

एकच वाट उरली होती. जिवाणू तुरीच्या बियाण्याला लावायचे, नवा रायपूरकडच्या आपल्या भाठ्यात, त्या लाल मुरमाड तुकड्यात पेरायचे. मुळांवर गाठी धरल्या, तर त्यांतून पुन्हा काढायचे. गुळाच्या पाण्यात कालवलेलं बियाणं तिनं मधल्या खोलीत सावलीला वाळत घातलं होतं. उन्हात हे जीव टिकत नाहीत.

पण गुळाला मुंग्या लागल्या. आणि या घरात ओलं काही दिसलं की ते गच्चीवरच जातं, मग ती बिजौरीची वडी असो की मिरची. तिचा नवरा हरिदास सगळं वर घेऊन गेला.

"माह्या जिवाणूंचे पापड केले तुम्ही!"

"मले काय माहीत? सांगून जाचं ना."

"सांगितलं होतं. तुम्ही म्याच पाहून राहिले होते."

तरी तिनं तेच पेरलं. शेजारी एक ओळ कोऱ्या बियाण्याची घातली, ताडून पाहायला. हरिदास दर रविवारी न सांगता स्कूटर काढायचा. वाटेत कुणी बोलायचं नाही.

पोळा झाल्यावर तिनं खुरप्यानं दोन रोपं उकरली. कोऱ्या ओळीतल्या रोपाला तुरळक गाठी, आतून पांढऱ्या. दुसऱ्याच्या मुळांना गाठीच गाठी. तिनं एक नखानं फोडली. आत लालसर गुलाबी. काम करणारी गाठ अशीच असते.

ती बांधावर बसली.

"काय झालं? मेले?"

"जित्ते हायेत."

"मंग रडून काहून राहिली?"

"रडत नाही. बसू द्या जरा."

"हव," म्हणत तोही बाजूला टेकला. त्याचा श्वास मोकळा झालेला तिला ऐकू आला.

गच्चीवर पसरलेल्या बियाण्याच्या तळाशी ओल राहिली असेल, तिथले वाचले असतील. तिनं अंदाज केला आणि सोडून दिला.

मुळं मातीसकट ओल्या फडक्यात बांधली. हरिदासनं हात पुढं केला.

"आण, डिक्कीत ठेवतो."

"तुम्ही गाडी चालवा."

गाठोडं पदराखाली मांडीवर घेऊन ती मागं बसली. शहरात शिरून तेलीबांधा तलाव येईपर्यंत तीच बोलत होती.