मतं खाणारी बायको

आमची ही बाजारात शिलाईचं दुकान चालवते. सकाळी शटर वर गेलं की संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घेत नाही. उपास-बिपास काही नाही हो. बाजारात बायकांसाठी संडास नाही, एवढंच. भाजीवाल्या, फुलवाल्या, सगळ्यांची तीच गत. हिला मुतखडा झाला, डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. ही म्हणाली, "पिते की! पण जाऊ कुठे?"

आणि बाईसाहेब थेट नगरपालिकेच्या निवडणुकीला उभ्या! तेही सख्ख्या धाकट्या भावाच्या विरोधात. मेहुणा एका पक्षाचा, समोर दुसऱ्या पक्षाचा एक कंत्राटदार, आणि मध्ये आमची ही. चिन्ह काय, तर कात्री. माझ्या डोक्याला नुसता ताप!

मेहुणा तणतणत दुकानात आला. मी सवयीने दोघांपुढे पाणी केलं. हिने आपला पेला बाजूला सारला.

"ताई, अगं तू निवडून येणार नाहीस!"

"माहीत आहे."

"माझी मतं खाशील, मी पडेन!"

"तुझी? मागच्या वेळी मत तुला दिलं, त्याआधी त्या कंत्राटदाराला. दोघांनीही संडासाचं नाव काढलं नाही. बायका जाऊन जाऊन जाणार कुठे, हे ठाऊक होतं ना तुम्हाला?"

मला बिचाऱ्याची दया आली. "घे ना गं माघार," मी म्हणालो. हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट बटणं लावायला बसलो.

निकाल लागला. मेहुणा थोडक्यात पडला. जितक्या मतांनी पडला, त्याहून जास्त हिने घेतलेली. त्याने बोलणंच टाकलं. ही भाजी चिरताना रडायची आणि नाव कांद्याचं घ्यायची.

तिकडे जिंकलेल्या कंत्राटदाराची झोप उडाली. पुढच्या वेळी ही त्याचीच मतं खाईल, काय नेम! बघता बघता बाजाराच्या कोपऱ्यात फरशा आल्या, नळ आले, आतून कडी लागणारी दारं आली.

परवा मेहुणा दुकानात आला. बसला आणि उसवलेला सदरा पुढे केला. मी तीन पेले भरले. हिने मशीन थांबवलं, आपला पेला उचलला आणि भर दुपारी गटागटा रिकामा केला. मेहुणा बघतच राहिला. इतक्या वर्षांत बहिणीला दुकानात पाणी पिताना त्याने पाहिलंच नव्हतं. तो उठला आणि तिचा पेला काठोकाठ भरून घेऊन आला.

"पुरे रे," ही म्हणाली, आणि तोही पिऊन टाकला.