पुसलेले आकडे

संग्रहालयाच्या तळघरात सव्वीस वर्षं काम करणाऱ्या बाईंना सगळे मापबाई म्हणत. त्या नोकरीला लागल्या धूळ झटकायला. पण पुरातन बाणांच्या आणि भाल्यांच्या दगडी टोकांचे ट्रे पुसता पुसता नजर बसली, जुन्या साहेबांनी हाताशी धरून शिकवलं आणि पुढे वर्गवारीचं काम त्यांच्याकडेच आलं.

"दगड मोठा म्हणजे बाण मोठा, असं नसतं. मान बघायची," त्या नव्या माणसाला बजावत. मान म्हणजे बुडाजवळच्या दोन खाचांमधली जागा. टोक तिथेच काठीला आवळून बांधत. मान बारीक तर काठी बारीक, म्हणजे धनुष्याचा बाण. मान रुंद तर हाताने फेकायचा भाला. प्रत्येक टोकाच्या पाठीवर काळ्या शाईत मुंगीएवढा आकडा असे. ते कुठल्या टेकडीवर, कुठल्या खड्ड्यात, किती खोल सापडलं, हे त्यावरून कळे.

नवऱ्याच्या मोतीबिंदूसाठी मापबाईंनी दहा दिवस रजा घेतली. परत येऊन बघतात तर ट्रे रिकामे! धावत वर गेल्या. दालनात काचेच्या पेटीत अकराशे आठ टोकं रंगांप्रमाणे लावून सूर्य काढला होता. भाले किरण झाले होते, बाण मधे कोंबले होते. त्यांनी पेटी उघडून एक टोक उलटं केलं. पाठ कोरी. दुसरं, तिसरं, सगळी कोरी.

"शाई फोटोत फार घाण दिसत होती," नवीन प्रदर्शन अधिकारी म्हणाले. "अ‍ॅसिटोनने एका दिवसात साफ केली पोरांनी."

मापबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साफ केली? अहो, उद्या इस्पितळातल्या तान्ह्या बाळांच्या हातातल्या नावाच्या पट्ट्या काढा आणि म्हणा, पोरं आता किती छान दिसतात!"

"बाई, आवाज खाली."

"नाही होणार!"

घरी नवरा समजुतीने म्हणाला, "अगं, तुझं काय जातंय? दगडच ना शेवटी?" त्यावर त्या इतकं बोलल्या की बिचारा काळा चष्मा लावून गच्चीवर जाऊन बसला.

त्यांच्याकडे चौदा वह्या होत्या. प्रत्येक टोक कागदावर ठेवून पेन्सिलीने कड काढलेली, शेजारी मानेचं माप आणि आकडा. दुसऱ्या दिवशी वह्या आणि ट्रे घेऊन त्या थेट दालनात गेल्या, स्टुलावर बसल्या आणि लोकांदेखत सूर्य मोडायला लागल्या.

पहारेकरी घाबरत आला. "बाई, मला वरून फोन आलाय."

"मग वर जा आणि त्यांनाच खाली पाठव."

संचालक आले, मागून अधिकारी. मापबाईंनी एक टोक संचालकांच्या तळहातावर ठेवलं. "कुठलं आहे, सांगा."

संचालक अधिकाऱ्यांकडे बघू लागले, अधिकारी छताकडे. मापबाईंनी मान मोजली, वही उघडली, टोक रेघेवर ठेवलं. कड तंतोतंत बसली. "नदीकडची टेकडी, तिसरा खड्डा. माझ्याकडे वही नसती तर हा रस्त्यावरचा खडा होता, साहेब."

संचालकांनी पेटी दालनातून काढायला सांगितली, पण अधिकाऱ्यांना एका शब्दाने जाब विचारला नाही. मापबाईंना हे जास्त लागलं.

सात महिने त्या एकेक टोक रेघेवर ठेवत राहिल्या. आठशे सत्तर जुळली. उरलेली दोनशे अडतीस म्हणजे नखाएवढी साधी त्रिकोणी टोकं. त्यांना ना खाच ना मान, सगळी एका छापाची. ती कायमची अनाथ झाली.

"ऐंशी टक्के जमलं की!" अधिकारी जिन्यात हसून म्हणाले. "अभिनंदन."

"जिभेला काही हाड?" मापबाई म्हणाल्या. "घर तुम्ही जाळलंत, चार भांडी मी बाहेर काढली, आणि तुम्ही टाळ्या वाजवताय?"

त्या संध्याकाळी त्यांनी उरलेली टोकं एका खोक्यात भरली आणि चिठ्ठी चिकटवली: 'ठिकाण माहीत नाही. प्रदर्शन अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून आकडे पुसले.' खाली तारीख.

अधिकाऱ्यांनी दोनदा निरोप पाठवला: तेवढं शेवटचं वाक्य काढा. तिसऱ्यांदा स्वतः आले. आवाज नरम होता. "बाई, मी गेल्यावरही लोक हे वाचतील हो."

"म्हणूनच शाईने लिहिलंय," मापबाई म्हणाल्या, आणि त्यांच्यासमोरच खोकं कपाटात ठेवून कुलूप लावलं.