आजोबांनी बहिणीशी लग्न केलं

मिनेसोटातल्या आपल्या गावात व्हर्लिन क्वामे धान्याच्या कोठारावर तीस वर्षं ट्रकांचं वजन करत होता. निवृत्त झाल्यावर वजन करायला काही उरलं नाही, म्हणून त्यानं पूर्वजांना हाती घेतलं. संगणकावर वंशावळीचं सॉफ्टवेअर बसवलं आणि जुन्या जनगणनेची पानं त्यात भराभर भरायला घेतली.

बाकीची मंडळी एकेका माणसाची नोंद वेगळी टाइप करत. व्हर्लिनला त्यांची कीव येई. त्याची रीत अशी: पानाचा संदर्भ एकदाच लिहायचा आणि घरातल्या सगळ्या माणसांना एका फटक्यात जोडून टाकायचा. एका घराला चार मिनिटं. गावच्या वाचनालयात त्यानं यावर भाषणही ठोकलं. सहा जण आले होते, त्यातले दोन कॉफीसाठी.

धाकटी बहीण आर्डिस म्हणाली, "अरे, पण तू वाचतोस तरी का ती पानं?"

"वाचत बसलो तर भरणार कधी?" व्हर्लिननं तिला गप्प केलं.

१९१० च्या पानावर त्याच्या पणजीचं, गुनहिल्ड ब्रेक्केचं घर होतं. नवरा, बायको, सात पोरं, त्यांतच व्हर्लिनची आजी थिया, आणि सर्वांत खाली सेल्मर क्वामे, वय बावीस. व्हर्लिननं न वाचताच खालपर्यंत सगळ्यांना 'मूल' म्हणून जोडलं. सॉफ्टवेअरनं लाल खूण दाखवली, ती त्यानं मिटवली. आडनाव जुळत नव्हतं, पण नॉर्वेहून आलेल्यांच्या आडनावांचा कुठे काही नेम असतो, असं स्वतःलाच बजावून तो पुढच्या घरी गेला.

जुलैत कुटुंबमेळाव्याला त्यानं वंशावळीचा नऊ फुटी कागद चर्चच्या तळघरात भिंतीवर लावला. चौऱ्याण्णव वर्षांच्या बोर्गहिल्ड आत्यानं भिंग लावून तो वाचला. ती व्हर्लिनच्या आजोबा-आजीची, सेल्मर आणि थियाची, एकुलती उरलेली लेक.

"व्हर्लिन, इकडे ये रे." आवाज गोड होता, म्हणजे धोक्याचा. "माझ्या आईनं सख्ख्या भावाशी लग्न केलं, हे तुला कुणी सांगितलं?"

पास्टरबाईंनी बटाट्याच्या सॅलडचं भांडं उगाच दुसऱ्या टेबलावर नेलं.

"जनगणनेत आहे, आत्या," व्हर्लिन म्हणाला.

"जनगणनेत तो गडी आहे! बाबा त्यांच्या घरी गुरं बघायला राहायचे. दोन वर्षांनी लग्न झालं. भाऊ म्हणे! तरीच तुझ्या डोक्याचं हे असं झालंय."

आर्डिस इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी व्हर्लिन संगणक घेऊन मुकाट्यानं आत्याच्या खोलीवर गेला. पान उघडून त्यानं पहिल्यांदाच एकेक रकाना बोट ठेवून वाचला. सेल्मरसमोर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: शेतगडी. त्यानं सेल्मरला मुलांच्या यादीतून काढलं. पुढे गुनहिल्डसमोर दोन आकडे होते. जन्मलेली मुलं नऊ. हयात सात.

"आत्या, हे नऊ काय? आपल्याकडे तर सातच नावं आहेत."

आत्यानं भिंग खाली ठेवलं. "अँडर्स होता. घटसर्पानं गेला, चार वर्षांचा. आई सांगायची, त्याला आंबट दूध फार आवडायचं. आणि एक मुलगी. बाप्तिस्मा व्हायच्या आत गेली, बिचारी."

"मग नाव?"

"नाव ठेवायला वेळ मिळाला असता, तर तुला पण सांगितलं असतं."

व्हर्लिननं अँडर्सला जोडलं. मुलीशी सॉफ्टवेअर हटून बसलं. नावाशिवाय माणूस घेईना. शेवटी त्यानं नुसतं 'मुलगी' असं लिहिलं. तेवढ्यानं सॉफ्टवेअरचं समाधान झालं.

"आता सगळी वाच," आत्या म्हणाली. "मोठ्यानं. मला कमी ऐकू येतं."

त्यानं नऊही जणांची नावं सावकाश वाचली. आत्यानं डोळे मिटून एकेक बोट दुमडत मोजलं, आणि नवव्या बोटानंतरही हात मांडीवर तसाच धरून ठेवला.