अण्णांच्या जॉयस्टिकला पाडलेलं भोक

मेलेल्या वस्तूला मेली असं म्हणू न देणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बेळगावच्या वडगावात त्यांचे चार यंत्रमाग आहेत आणि त्यांवर घर चालतं, पण जीव अडकलाय तो जुन्या टीव्ही गेममध्ये. तीसेक वर्षांपूर्वी टीव्हीला जोडून, वरून कॅसेट खुपसून जे व्हिडिओ गेम घरोघरी खेळत, ती मशीनं लोक आता माळ्यावरून काढून भंगारात टाकतात आणि माझे साडू ती भंगारातून काढून घरात आणतात. उंदरांनी वायरी खाल्लेलं, झुरळांनी आत संसार थाटलेलं एखादं मशीन कानाशी धरून ते मला म्हणतात, "पावणं, ह्यात अजून धुगधुगी हाय." त्यांचा चेहरा त्या वेळी उजळलेला असतो, आणि घरातल्या बाकीच्यांच्या तोंडावर सुतक उतरलेलं असतं.

लग्नानंतर मी निपाणीहून पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते मला कमरेपासून वरच दिसले. घरात पूर्वी हातमाग होता. विणकराने काठावर बसून पाय खाली सोडायचे आणि तळाच्या फळ्या आळीपाळीने दाबायच्या, असा त्याचा खड्डा सोप्यातल्या जमिनीत असतो. माग गेला, खड्डा राहिला. दुसऱ्या कुणी तो बुजवून वर फरशी घातली असती. साडू त्यात पाय सोडून बसतात आणि समोरच्या फळीवर सोल्डरिंग करतात, त्यामुळे आल्यागेल्याचं स्वागत आपोआपच पाहुण्याच्या गुडघ्यांकडे बघून होतं. सोल्डरिंग चालू असताना पंखा बंद, चालणं बंद, कुकरची शिट्टीसुद्धा बंद. एकदा माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आक्कांनी, नेमकी त्याच वेळी मिरचीची फोडणी दिली. मी ठसका दाबून धरला, डोळ्यांतून पाणी काढलं, पण साडूंना तेवढंही चाललं नाही. मान वर न करता त्यांनी दाराकडे बोट दाखवलं, आणि मी, सासरकडचा मानाचा पाहुणा, अंगणात जाऊन खोकलो.

पिवळं पडलेलं प्लास्टिक पांढरं करायचं त्यांचं शास्त्र वेगळंच. पार्लरमध्ये केसांचा रंग उतरवायला लावतात ते क्रीम मशीनच्या खोक्याला फासायचं, वर पातळ प्लास्टिक गुंडाळायचं आणि गच्चीवर उन्हात ठेवून दर अर्ध्या तासाने त्याची कूस बदलायची. बेळगावच्या उन्हाचा काय भरवसा, म्हणून दिवसभर स्वतः छत्री घेऊन शेजारी बसायचं. पार्लरवाल्या बाईंनी एकदा आक्कांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, की महिन्याला एवढं क्रीम नेऊनही तुमचे केस काळेभोर कसे. आक्का दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. साडू त्या दोन दिवसांत गच्चीवरच होते, त्यामुळे त्यांना ते कळलंच नाही.

त्यांचा सगळ्यांत कडक नियम म्हणजे कंपनीनं दिलंय तसंच राहायला हवं. स्क्रूसुद्धा ज्या भोकातून निघाला त्याच भोकात जायला हवा. गोव्याहून एक गृहस्थ आपलं मशीन घेऊन आले आणि आत रंगीत दिवे बसवून मागू लागले. साडूंनी "माझ्या हातानं न्हाय व्हायचं" म्हणून त्यांना चहा न देता परत पाठवलं. आमच्या भागात भांडायला आलेल्यालासुद्धा चहा मिळतो, तेव्हा हा अपमान केवढा ते ध्यानात घ्यावं.

या हट्टाचं मूळ काचेच्या कपाटात ठेवलेल्या एका मशीनमध्ये होतं. ते त्यांच्या थोरल्या भावाने, अण्णांनी, हातमागावरच्या पहिल्या कमाईतून खडेबाजारातून आणलेलं. अण्णा तेव्हा विशीत होते, साडू शाळेत. पुढच्याच वर्षी घरात यंत्रमाग आला आणि त्याच्या पट्ट्यात अण्णांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. त्या दिवसापासून अण्णा गेमला शिवले नाहीत, आणि आपला हात त्यांनी कुणाला पाहू दिला नाही. ते मागच्याच गल्लीत राहतात. उजवा हात कायम खांद्यावरच्या टॉवेलखाली. कुणी कीव केली अशी नुसती शंका आली तरी उठून जातात. एका लग्नात कुणीतरी भल्या मनाने त्यांच्या पानाशेजारी चमचा आणून ठेवला. अण्णा भरल्या पानावरून उठले, ते त्या घराची पायरी आजतागायत चढलेले नाहीत.

गेल्या वर्षी एकदा अण्णा खुर्चीवर बसून टीव्ही बघत होते आणि साडूंची नजर त्यांच्या पायांवर गेली. पाय आळीपाळीने जमीन दाबत होते. हातमाग सुटून तीस वर्षं झाली तरी पाय विणतच होते. साडूंनी मला त्याच संध्याकाळी फोन केला आणि चोरीचा बेत सांगावा तसा दबक्या आवाजात बेत सांगितला. दिशा डाव्या अंगठ्याने द्यायची. उडी आणि गोळी ही उजव्या हाताची दोन बटणं खड्ड्यात न्यायची, दोन फळ्यांखाली, पायाने दाबायला. अण्णांनी एकदा तरी पुन्हा खेळावं, एवढंच त्यांना हवं होतं. अण्णांच्या मशीनवर नियम मोडायला नको म्हणून आधी त्यांनी भंगारातलं एक दुसरं मशीन घेतलं, त्याच्या जॉयस्टिकला वायरी जोडल्या आणि अण्णांना बोलावलं. अण्णा खड्ड्याच्या काठावर उभे राहिले, "हे आपलं मशीन न्हवं" एवढंच म्हणाले आणि न जेवता घरी गेले.

आता वाट एकच उरली. कपाटातल्या मशीनचे दोन्ही जॉयस्टिक आतूनच जोडलेले असतात, बाहेरचा दुसरा बसत नाही. म्हणजे अण्णांच्याच जॉयस्टिकला भोक पाडायचं आणि त्यातून वायरी काढायच्या. तडा गेला तर तसा दुसरा मिळणार नाही. आणि अण्णांना पुन्हा कीव दिसली, तर ते या घराचीही पायरी चढणार नाहीत. साडूंचं जेवण सुटलं. शेवटी आक्कांनीच मला फोन करून रविवारी बोलावून घेतलं.

त्या सकाळी साडू खड्ड्यात होते आणि मी काठावर टॉर्च धरून बसलो होतो. त्यांनी ड्रिल टेकवलं, काढलं, पुन्हा टेकवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पावणं, तुम्ही पाडता काय?" मी आयुष्यात भिंतीत खिळासुद्धा सरळ ठोकलेला नाही. मी नाही म्हणालो, आणि त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली. ड्रिल सुरू झालं. आवाज अगदी लहान होता, पण आक्का स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. पांढऱ्या प्लास्टिकचा भुगा पडला. साडूंनी तो फुंकला नाही. बोटाने गोळा करून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

वायरी जोडल्या, स्क्रू बसले, बटण दाबलं. टीव्ही काळाच. साडूंनी सगळं पुन्हा उघडलं. जेवायला बोलावलेले अण्णा आता कोणत्याही क्षणी येणार होते. एका वायरीचा सोल्डरचा डाग शेजारच्या पट्टीला टेकला होता. साडूंनी तो हळूच खरवडला, पुन्हा बटण दाबलं आणि पडद्यावर चित्र उमटलं. तेवढ्यात बाहेर चपला काढल्याचा आवाज आला.

अण्णांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग जॉयस्टिककडे. त्यांनी तो डाव्या हातात उचलून उलटा केला.

"भोक कुणी पाडलं?"

"मी पाडलं," साडू म्हणाले.

"कंपनीनं दिलंय तसंच ठेवायचं म्हनत हुतास न्हवं?"

"म्हनत हुतो."

अण्णा आता माघारी वळणार, असं मला वाटलं. अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि आक्कांच्या हातात दिला. तो हात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. साडू बाहेर आले आणि अण्णा खड्ड्यात पाय सोडून बसले. "दोघांचा लाव," म्हणाले.

दोघांच्या खेळात एकाचा माणूस मेला की दुसऱ्याचा डाव येतो. लहानपणी अण्णांचा माणूस मरतच नसे, आणि साडू दुसरा जॉयस्टिक मांडीवर घेऊन दिवेलागणीपर्यंत वाट बघत बसत. या वेळी अण्णांच्या पायांनी दोनदाच फळी दाबली आणि त्यांचा माणूस काट्यांत जाऊन पडला. साडूंचा डाव आला. हा खेळ ते डोळे मिटून शेवटपर्यंत नेतात, मी पाहिलेलं आहे. त्यांनी आपला माणूस सरळ चालवत नेला आणि पहिल्याच काट्यांत घातला.

"उडी का मारली न्हाईस रं?"

"इसरलो, अण्णा. घे, तुझा डाव."

अण्णा भावाकडे बघत राहिले. चमच्याची गोष्ट मला आठवत होती, आक्कांनाही आठवत असणार, कारण त्यांनी टॉवेल घट्ट धरला होता. अण्णांना सगळं कळलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. मग त्यांनी मान टीव्हीकडे वळवली.

"पुढच्या येळी मार," असं म्हणून त्यांनी फळीवर पाय ठेवला.

पुढच्या वेळीही साडू विसरले. त्याच्या पुढच्या वेळीही विसरले. आम्ही जेवायला बसलो तेव्हा चार वाजून गेले होते.