चिंचोक्यानं पुस्तकाचं ऐकलं नाही

ऐका मंडळी, आज दुपारचीच गोष्ट. बोलते मी, टाइप करून राहिली माझी नात प्राजू, सातवीतली. तोंड वाकडं करून.

शाळेतून तिला सांगितलं, नाणं पन्नास वेळा उडवा, काय पडतं ते लिहा. घरात नाणंच सापडेना, सगळे फोननं पैसे देतेत. मी फोडलेला चिंचोका दिला. एक बाजू काळी, एक पांढरी. लहानपणी देगलूरला आम्ही पोरी फाशांऐवजी असेच चिंचोके टाकून पट खेळायचो.

ती टाकत गेली, मोठ्यानं सांगत गेली. मी डाळ निवडत ऐकत होते. पांढरं तीस, काळं वीस.

"वहीत काय लिहिलंस?"

"पंचवीस-पंचवीस."

"अगं, मला अक्षर येत न्हाई, मोजता येतं!"

"आज्जे, पुस्तकात दिलंय, दोन बाजू म्हणजे निम्मं-निम्मं. मॅडम चूक म्हणतील."

"चिंचोका काय नाणं हाय व्हय? अन् लिहायचं आधीच ठरलं होतं, तर पन्नासदा टाकलास कशाला?"

मग तिनं खोडरबर घेतला. आता खरं लिहिलं म्हणती.

वहीचा फोटो खाली टाकायला लावलाय. मला वाचता येत न्हाई, तुम्हीच सांगा, तीस-वीसच लिहिलंय ना?