दादाचे तेलाचे दोन डबे

आमच्या घराला स्वतःचं चाक कधी नव्हतं. वडील मेंढरांमागे पायी फिरले. रोगानं मेंढरं गेली तेव्हा थोरला भाऊ, आमचा दादा, दुसऱ्याच्या बैलगाडीवर राहिला. पुढं जुन्या जालन्यातल्या एका सरकीच्या व्यापाऱ्यानं त्याला आपल्या जुनाट मोटारीवर घेतलं आणि त्या नोकरीवर मी हैदराबादेत बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला. दीड महिन्यापूर्वी दादा गेल्याची तार आली... आणि खरं सांगतो, रडू येण्याआधी राग आला. आमचा एक वाद तसाच राहून गेला होता.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. मोटारीच्या तेलाचे डबे मिळेनात. शेठजी म्हणाले, एरंडीचं घाल. दादा इंजिनातल्या काळ्या तेलावरच ते ओतायला निघाला. गाडीवानाची सवय! आसाचं जुनं वंगण तो कधी काढत नसे, वर नवं थापायचा. मी सुट्टीत आलो होतो. ही दोन तेलं मिसळत नाहीत, चिकटा होतो, आधी इंजिन तापवून जुनं सगळं काढावं, असं मी वाचलेलं. ते मी सांगितलंही. पण शेठजी-मुनिमांच्या देखत, मधे मधे इंग्रजी शब्द पेरून. दादा बोटांत तेल चोळत राहिला. वर न बघता म्हणाला, "बापू, तुझ्या पुस्तकानं आष्टीचा रस्ता पाह्यलाय का?" मुनीम हसले. दादानं डबा उपडा केला.

थोड्याच दिवसांत जाफराबादच्या वाटेवर इंजिन धरलं, आतून जाम होऊन बसलं. बैल जुंपून मोटार परत आणावी लागली. खोललं तर आत काकवीसारखा चिकटा. शेठजींनी आठ दिवस दिले. मोटार चालू झाली तर नोकरी, नाहीतर दादा परत बैलांमागे. आठही दिवस मी घासलेटनं एकेक भाग धुतला, त्यानं पुसला. शेवटी न राहवून म्हणालो, "दादा, एवढं तरी कबूल कर." तर म्हणे, "ते फडकं दे इकडं." इतकी चीड आली... आठव्या दिवशी, निव्वळ एरंडीच्या तेलावर, इंजिन चालू झालं.

लढाई संपली, मोटारीच्या तेलाचे डबे कधी मिळत, कधी नाही; नसले की पुन्हा एरंडी. पुस्तकातलं पातळ तेल घे म्हणालो, तर दादा म्हणाला, "इंजिन झिजलंय. पातळ घातलं की पिऊन घेतंय अन् धूर सोडतंय. घट्टच पायजे." ते बरोबर होतं. पण तसं मीही त्याला कधी म्हणालो नाही.

बाराव्याला गेलो तेव्हा शेठजींच्या मोटारखान्यात डोकावलो. फळीवर दोन डबे, दोन नरसाळी. दादाला अक्षर येत नव्हतं. एरंडीच्या डब्याला त्यानं मेंढीच्या लोकरीचा दोरा बांधला होता, दुसऱ्याला सुती. मी डबा उचलला तसा नवा ड्रायव्हर घाईनं पुढं आला. "साहेब, बदलायचं असलं तर जुनं समदं काढून घ्यावं लागतंय. एकात एक घालायचं न्हाई. दादा बजावून गेल्ते... आमच्या बापूनं सांगितलंय म्हणायचे."

त्याला सांगितलं. मला एकदाही नाही.

त्या खोलण्यानंतर मोटारीचं इंजिन पुन्हा कधी धरलं नाही. दादा गेला त्याच्या आदल्या दिवशीही ती आष्टीला जाऊन आली होती.